बाईने पाण्यात उतरायचं नाही

"बायका बुडवायला लागल्या तर मंडळीच बुडेल."

आमच्या अंबरनाथच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सेक्रेटरी असं म्हणाले आणि कमिटीतले सगळे पुरुष हसले. आम्हा बाप्टिस्ट लोकांत बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर चार थेंब शिंपडणं नव्हे. उपासनेच्या हॉलमधल्या व्यासपीठाच्या फळ्या काढायच्या, खालची टाकी भरायची आणि माणसाला अख्खं पाण्याखाली न्यायचं. त्याला आम्ही साधं 'बुडवणं' म्हणतो. त्याच शब्दावर त्यांनी विनोद केला. मी समोरच बसले होते. माझी कानशिलं तापली.

मी बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना वचन शिकवणारी. लग्न केलं नाही. उभं आयुष्य बुवापाड्याच्या गल्ल्यांत गेलं. उल्हासनगरच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या उशाशी गेलं. टीबीवाल्यांना दटावून गोळ्या चारल्या, नवऱ्याने हाकललेल्यांना शिलाई शिकवली. बाप्तिस्म्यासाठी बायकांना तयार मीच करायची. बुडवायचे मात्र पाळक, म्हणजे पास्टर. मी काठावर चादर घेऊन उभी. बाई ओलीचिंब वर आली की तिचं अंग झाकायचं.

या वेळी सुनंदा होती. बुवापाड्यातलीच, कंपनीत पॅकिंगला जाणारी. आदल्या आठवड्यात तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "बाई, पास्टर चांगला माणूस आहे, माहितीय मला. पण मानेवर पुरुषाचा हात नको. नवऱ्याने पाण्याच्या ड्रममध्ये डोकं दाबलेलं माझं. तुम्हीच बुडवा ना."

हेच मी कमिटीपुढे मांडलं होतं. त्यावर तो विनोद.

पाळक तरुण, सभ्य. खाली बघत म्हणाले, "आंटी, आपण वर विचारू. सुनंदाताईंना सांगा, विश्वास धरला की भीती जाते."

"तिला देवाची भीती नाही वाटत. पुरुषाच्या हाताची वाटते."

सेक्रेटरी आता हसत नव्हते. "बाई, तुम्ही चादर धरा. तुमचं काम तेवढंच. बाईने पाण्यात उतरायचं नाही."

पाण्यात उतरायचं नाही.

माझे आजोबा सांगायचे, गावात आम्हाला विहिरीवर चढू देत नसत. ते ख्रिस्ताकडे आले ते यासाठीच. इथे कुणी कुणाला अडवणार नाही म्हणून. आणि त्यांची नात देवाच्या घरात पुन्हा काठावर. अडवणारे तरी कोण? त्याच विहिरीवरून हाकललेल्यांची नातवंडं. रक्त नुसतं उसळत होतं. इतकी वर्षं मी ज्याला सेवा म्हणत होते, त्याला हे लोक माझी पायरी म्हणत होते.

मी उठले. "बाप्तिस्मा रविवारीच होईल. बदलापूरला, नदीवर. मी देणार."

"मग तुमची सेवा इथेच संपली," सेक्रेटरी म्हणाले.

"सेवेला मला तुम्ही बोलावलं नव्हतं."

रविवारी उल्हास नदीत, कमरेएवढ्या पाण्यात, सुनंदा थरथरत होती. तिच्या मानेला मी हात लावला नाही. फक्त तिचे हात हातात घेतले. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने," मी म्हटलं. ती आपली आपण खाली गेली. क्षणभर वर काहीच दिसेना. मग ती उसळून वर आली, ठसका लागलेली, तोंडावर केस. ओरडली, "बाई, झालं! मीच गेले खाली!"

सोमवारी हॉलच्या दाराला नवं कुलूप होतं. किल्ली मला द्यायची नाही, असं वॉचमनला सांगून ठेवलेलं.

ओळखीचे लोक समजावतात, बाई, तुम्ही तुमचं नदीवरच चालवा, कशाला भांडण? नाही. नदीवर गेले ती एकट्या सुनंदासाठी. तिला थांबवणं पाप झालं असतं. पण नदी कुणालाच अडवत नाही. मला अडवलं गेलं ते हॉलमध्ये.

बुवापाड्यात आणखी दोघी शिकतायत. त्यांना मी हॉलच्या टाकीतच बुडवणार. भर उपासनेत, कमिटीच्या डोळ्यांसमोर. फळ्या मी स्वतः उचलेन. त्या दिवशी कुलूप त्यांनी काढलं तर ठीक. नाहीतर मी तोडणार.