खंडेनवमीला बंद ठेवलेली घंटा

सुलक्षणा परब चिडली की तिचा आवाज खाली यायचा. जन्म रंगभूमीवर काढल्यामुळे मला ठाऊक आहे, आरडाओरड्याचा राग पहिल्या दोन रांगांतच विरतो. असा दबलेला राग पार शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो.

गोरेगावला ती आमच्या शेजारी राहायची आणि अंधेरीच्या एका खाजगी इस्पितळात बायकांच्या वॉर्डची सिस्टर होती. पंच्याऐंशी साली तिथे खाटेखाटेला बटणं आली. रुग्णाने बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलामागच्या फळीवर दिवा लागायचा, घंटा वाजायची. आया आणि वॉर्डबॉय त्या फळीला बिचकायचे. सुलक्षणा मला म्हणाली, "ताई, यांची तुमच्यासारखी तालीम घ्यायला हवी." मग रोज दुपारी मी रिकाम्या खाटेवर पडून कण्हत बटण दाबायची आणि ती त्यांना पळवायची. रुग्णांनाही तिने बजावलं, "हाका मारायच्या नाहीत. बटण दाबा, माणूस येईल."

सगळ्यांत लवकर शिकला तो सहदेव. संपात त्याची गिरणी गेली होती, आता तो वॉर्डबॉय. फळी रोज फडक्याने पुसायचा.

आणि इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी काय केलं? आयांच्या फेऱ्या बंद केल्या. म्हणे, दिवे आलेत, आता खोलीखोलीत डोकवायचं कशाला? मला आजही त्या माणसाचा संताप येतो.

खंडेनवमी उजाडली. सुलक्षणा सकाळीच एका ऑपरेशनला मदतीसाठी गेली होती. सहदेवने फळीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि गिरणीत कापड विणायचे साचे थांबवायचे तसा तिचा खटका बंद केला. त्या दिवशी हत्यारांना विसावा.

कोपऱ्यातल्या खोलीत वर्सोव्याची सखुबाई होती. पोटाचं ऑपरेशन झालेली. तिला लघवीला जायचं होतं. तिने बटण दाबलं, दाबतच राहिली. कुणी येईना तेव्हा स्वतः उठली आणि कोसळली. टाके उसवले. पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागलं.

दुपारी मी पोचले तेव्हा ती नुकती शुद्धीवर आली होती. सुलक्षणाने विचारलं, "मावशी, हाक का नाही मारलीत?"

"तूच बोल्लीस ना, हाका मारायच्या नाय."

सुलक्षणा बाहेर आली. सहदेव भिंतीला टेकून उभा होता.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"सिस्टर, आज मशीन चालवत नाय आपण. गिरणीत आमी..."

"गिरणीत कापड थांबायचं रे. इथे बाई पडली."

तेवढ्यात साहेब आले. "ह्याला आत्ताच्या आत्ता काढा. ही माणसं कधी शिकायची नाहीत."

सहदेवने भिंत सोडून हात जोडले. दुसऱ्यांदा नोकरी जाणार होती.

सुलक्षणाचा आवाज आणखी खाली गेला. "शिकली ना, साहेब. गप्प राहायला मी शिकवलं, ते ती बाई शिकली. खोलीत डोकवायचं नाही हे तुम्ही शिकवलंत, तेही आया शिकल्या. एक जरी फेरी झाली असती तर ती पडली नसती. काढायचंच असेल तर ह्याचं, माझं आणि तुमचं, तिघांची नावं घ्या. नाहीतर फेऱ्या आत्ता सुरू करा."

"सिस्टर, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"सखुबाईचे दोन मुलगे खाली आलेत. त्यांना मी हेच सांगणार आहे."

साहेबांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. मग "करा काय करायचं ते" म्हणत निघून गेले.

सहदेव तिच्या पायांकडे वाकला. तिने पाय मागे घेतला. "माझ्या कसल्या पाया पडतोस? मी तुला माफ केलेलं नाही. पहिली फेरी तुझी. जा."

तो कोपऱ्यातल्या खोलीत गेला, पण उंबऱ्याशीच थबकला. सखुबाईने मान वळवली.

"काय रे मेल्या, आता माझी पूजा करायला आलास?"

आया फिसकन हसल्या. सहदेव खाली बघत म्हणाला, "काय हवं का, मावशी?"

सुलक्षणा दाराबाहेर उभी होती. ती हसली नाही. सखुबाईने पाणी मागितलं, त्याने चमच्याने ते पाजलं, मगच सुलक्षणा पुढच्या खोलीकडे वळली.