जायचे कपडे

माल-सुन आजीला मरायला सवडच मिळत नाही, असं सोल्मे गावातल्या बायका म्हणतात आणि त्यात अर्धं खरं आहे. आन्दोंगच्या या खोऱ्यात म्हाताऱ्या आपले जायचे कपडे, म्हणजे मेल्यावर अंगावर घालायचे, आपणच विणून पेटीत ठेवतात. भांगेच्या झाडाची साल ओठांत धरून नखांनी चिरायची, मांडीवर वळून धागा करायचा आणि मग मागावर बसायचं. माल-सुनने असे कितीतरी जोड विणले आणि देऊन टाकले. गावात कुणी अवचित गेलं आणि त्या घरात काही तयार नसलं, की ही पेटी उघडून मोकळी. सून कावायची, "आई, तुमचं काय मग?" तर म्हणायची, "मला कुठं घाई आहे? यंदाचं पीक येऊ दे." विकायचं कापड वेगळं असायचं, ते व्यापारी न्यायचा. जायच्या कपड्यांना मात्र तिने कधी पैसा लावू दिला नाही.

भांगेचं पीक म्हटल्यावर सरकार आलंच. परवान्याशिवाय बी टाकायचं नाही आणि कापणीनंतर पाला सरकारी माणसासमोर जाळायचा, म्हणजे नशेसाठी कुणी तो पळवायला नको. हा सरकारी माणूस म्हणजे पांग ग्यु-सोक. पन्नाशीचा, किडकिडीत आणि नियमाला इतका चिकट की बघणाऱ्याला आधी रागच यावा. भर उन्हात, धुराने चुरचुरणारे डोळे पुसत तो उभा राहायचा. राख थंड होईपर्यंत हलायचा नाही. आजीने उकडलेलं कणीस पुढे केलं की दोन्ही हात पाठीमागे.

"परवानाधारकाकडून काही घेता येत नाही, आजी. कायदा आहे."

"अरे, कणीस आहे ते, लाच नव्हे! अंगावर मांस नाही नि म्हणे कायदा!"

"घरी जाऊन जेवतो."

"जा, कायदाच जेव पोटभर."

दरवर्षी हेच चालायचं. तिचा त्याच्यावर जीव होता, पण तसं तिने कधी कबूल केलं नसतं.

गेल्या वसंतात तो पेरणीआधी शेत मोजायला आला आणि फीत हातात धरून नुसताच उभा राहिला. आकडा काही वाचेना. आजीने त्याच्या हातातली फीत काढून घेतली.

"घरी काय झालंय?"

त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. ती नदीपलीकडच्या गावची, तिचाही जन्म याच कामात गेलेला. स्वतःसाठी विणलेला जोड तिने नवरा अचानक गेला तेव्हा त्याच्या अंगावर घातला. नंतर बोटं वळेनाशी झाली. आता शुद्धीवर आली की एकच विचारायची, माझं कापड आपल्याकडचंच आहे ना?

"दुकानात सगळा परदेशी माल," पांग म्हणाला. "आणि मी तिला हो म्हणून सांगतो. रोज खोटं बोलतो."

"माझा जोड तयार आहे. घेऊन जा."

"नाही घेता येत."

"तुला कोण देतंय? तुझ्या आईला देतेय."

"कायद्याने एकच ते. पूर्ण भावाने पैसे घ्या, मग नेतो."

"पैशाचं नाव काढलंस तर याच फितीने झोडपीन."

तो मान खाली घालून गेला. आजी बांधावर बसून त्याला मनसोक्त शिव्या देत राहिली. शिव्या संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आडवा येतोय तो पांग नव्हे, परवाना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसने कचेरीत गेली आणि त्याच्या टेबलावर परवाना ठेवला.

"हा घे. सोडला मी."

पांग उठून उभाच राहिला. "आजी, असं करू नका. नवे नियम आलेत. पुन्हा अर्ज केलात तर कुंपण लागेल, कॅमेरे लागतील. तुमच्याने होणार आहे का ते? हे पीक कायमचं जाईल तुमच्या हातचं."

"मिरच्या लावीन."

"आणि तुमच्या स्वतःसाठी?"

"माझे लग्नातले कपडे आहेत की. तिकडे म्हातारा ओळखेल तरी."

ती हसत म्हणाली खरी, पण पुढे सारलेल्या कागदावरचं बोट तिने लगेच उचललं नाही. पोरवयापासून ज्या पिकाचा वास अंगाला होता ते असं टेबलावर ठेवून यायचं, हे कुणाला सोपं जातं? तिलाही गेलं नाही.

पांगने शिक्का उचलला, पण त्याला तो उमटवता येईना. मग आजीनेच त्याचं मनगट धरलं आणि कागदावर दाबलं.

"झालं? आता मी परवानाधारक आहे का?"

"नाही."

"मग मुकाट्याने घे." तिने बरोबर आणलेलं जोडाचं गाठोडं त्याच्यापुढे ठेवलं. पांगने दोन्ही हातांनी ते घेतलं आणि सगळ्या कचेरीसमोर तो लहान पोरासारखा रडला.

त्याच्या आईने जाण्याआधी ते कापड बोटांनी चाचपून पाहिलं. मग पुन्हा काही विचारलं नाही.

ती गेल्यावर माल-सुन न बोलावता नदीपलीकडे गेली. ओळख ना पाळख, पण आंघोळ घालून झाल्यावर सगळ्यांना बाजूला सारून तीच पुढे झाली. त्या बाईच्या हातांत बाह्या चढवल्या, पट्टा बांधला, तळहाताने सुरकुत्या मोडल्या. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "जपून वापर गं बाई. माझ्याकडे आता दुसरं नाही."