चौकातली फांदी

मिलोयका बसत नसे. स्लोव्हेनियातल्या आमच्या कार्स्टच्या पठारावर बायका राबतात, पण जेवायला तरी बसतात. ही ओट्याशी उभ्या उभ्या खायची. नवरा रेल्वेत होता. तो वारल्यावर द्राक्षाचा मळा, दोन डुकरं आणि तळघरातली पिंपं तिच्या एकटीच्या गळ्यात पडली. मी शेजारी. तिच्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस गावात मिळाला असता, पण त्या शुक्रवारची चूक माझी, म्हणून मी लिहितो.

वर्षातून आठ दिवस ती गिऱ्हाइकांसाठी अंगण उघडायची. घरची लाल वाइन, वाळवलेलं डुकराचं मांस, उकडलेली अंडी, पाव. चौकातल्या खांबावर आयव्हीची हिरवी फांदी टांगली की वाटसरू गाड्या वळवत. फांदी टांगणं आणि उतरवणं हे माझं काम.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. सहाव्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला. विंको एकोणिसाव्या वर्षी इटलीची सीमा ओलांडून पळाला, तो ऑस्ट्रेलियात पोचला. सदतीस वर्षांत परतला नव्हता. आता लेकीबरोबर भाड्याची गाडी घेऊन आरामात हिंडत होता. शुक्रवारी दुपारी दोन तास थांबणार, मग व्हेनिस.

"अंगण उघडलंय म्हटलं आणि घराचा रस्ता सांगायला लागले," मिलोयका मला म्हणाली, "कारण त्याला आमचं जुनंच घर माहीत. तर हसला. म्हणे, सांगू नकोस, फांदी बघून येतो. आणि ठेवलाच फोन."

शुक्रवार आठवा दिवस. सकाळीच एक बसभर माणसं येऊन गेली आणि बारा वाजता शेवटचं पिंप कोरडं पडलं. आमच्याकडे वाइन संपल्यावर फांदी टांगलेली ठेवणं म्हणजे पाहुण्याला बोलावून दार लावणं. बाप तसं करत नव्हता, आजा करत नव्हता. मी सायकल काढली, फांदी उतरवली, आणून गोठ्याच्या भिंतीला टेकवली. विंकोचा विचार डोक्यात आलाच नाही.

दोन वाजले, तीन वाजले. मिलोयका फाटकापर्यंत जायची, परत यायची, पुसलेलं टेबल पुन्हा पुसायची.

"येईल गं," मी म्हणालो. "आरामात हिंडतायत म्हणालीस ना."

"आरामात हिंडणाऱ्याकडे जेमतेम दोनच तास असतात होय रे?"

साडेतीनला ती गोठ्याकडे गेली. मग फांदी हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"रुडी, हे काय?"

"वाइन संपली होती," मी म्हणालो.

एप्रन न काढता ती चौकाकडे निघाली. मी सायकल ढकलत मागे. खांबाजवळ पोचल्यावर मी हात पुढे केला.

"टांगू?"

"पिंप रिकामं आहे. टांगायची कशी?" ती म्हणाली. "मी हातात धरते. हातात धरलेल्या फांदीला काही नियम नाही."

दीड तास ती तशी उभी होती. एका जर्मन जोडप्याने गाडी थांबवली. वाइन संपली, म्हणून तिने त्यांची माफी मागितली. दोन मोटारसायकलवाले हसून गेले. ती रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जायची, फांदी या हातातून त्या हातात घ्यायची. मला मात्र पाय कुठे ठेवावा ते सुचेना.

पाच वाजता पांढरी गाडी आली, ती पलीकडच्या गावाकडून. आतून टक्कल पडलेला, जाडसर माणूस उतरला आणि फांदीकडे बघत राहिला.

"मी पलीकडच्या गावात लोयझेच्या अंगणात बसलो होतो," तो म्हणाला. "पुढच्या चौकात त्याची फांदी दिसली. वाढणारी मला तुझ्या मदतीची बाई वाटली. म्हटलं, तू आत कामात असशील, येशील बाहेर."

"अरे मग विचारायचंस."

"आपल्याच बहिणीचं घर विचारायचं? लाज वाटली. शेवटी विचारलं, तर लोयझे हसून हसून खोकायला लागला."

लेकीने गाडीतूनच घड्याळाकडे बोट दाखवलं. आठच्या आत व्हेनिसला पोचायचं होतं. वीस मिनिटं उरली होती.

"घरी गेलो तर निम्मी जाण्यायेण्यातच जातील," मिलोयका म्हणाली आणि रस्त्याकडेच्या दगडी बांधावर बसली. विंको शेजारी बसला.

"माझ्या घरून बाटली आणतो," मी म्हणालो.

"तुझी वाइन नको रे रुडी. एवढ्या लांबून आलाय तो."

विंको हसला. मी लांब जाऊन उभा राहिलो. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. तिचा एक पाय सारखा हलत होता, तेवढं दिसलं.

गाडी गेल्यावरही ती बांधावरून उठली नाही.

"त्याच्या डाव्या कानामागे तीळ होता," ती म्हणाली. "लहानपणी केस विंचरताना दिसायचा. आज बघायचा राहिला."

मी सायकल पुढे केली. ती उठली, फांदी खांद्यावर टाकली आणि माझ्यासाठी न थांबता घराच्या चढाला लागली.