युसूफभाईंची नदी आणि मधोमध ती होडी

ही पोस्ट लिहायला मी दोन महिने लावले. आळस आहेच, पण गोष्ट अर्धवट होती हेही खरं.

बल्लारपुरात मी युसूफभाईंच्या फ्रेमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. जन्मभर दुसऱ्यांची चित्रं काचेत बसवणाऱ्या या माणसानं एकदा स्वतःच जलरंगात नदी काढली. काठाशी बांबूवर लाल कापड, मधोमध एकटी होडी. मला म्हणाले, "आरमोरीले जाऊन नफीसाले दे. बोलू काही नोको." त्यांची बायको, नफीसाभाभी, रुसून माहेरी गेली होती. तिनं नको म्हटलेलं असताना यांनी तिची शिलाई मशीन विकली होती. फोनही उचलत नव्हती.

लाल कापड म्हणजे तिची ओढणी, एकटी होडी म्हणजे विरह! पोस्ट मी गाडीतच रचायला घेतली.

जाणार असाल तर गोंदिया पॅसेंजर पकडा, खिडकीतून जंगल फुकट. फक्त नागभीडला पोह्यांसाठी उतरू नका. मी उतरलो. तर्री झणझणीत होती, गाडी गेली. मग बसनं ब्रह्मपुरी, तिथून काळीपिवळी जीप. वैनगंगेच्या पुलाशी चित्रातलंच पाणी दिसलं, तसा पुन्हा उतरलो.

काठावर एक म्हातारे ढिवर जाळं झटकत होते. चित्र दाखवून विचारलं, "भाऊ, ही ओढणीच ना?"

"ओढणी कायची जी! डोह हाय थो. कोणी पाय टाकू नोये म्हून कापड बांधतो आमी." मग होडीवर बोट ठेवून हसले, "अन् हे काय होय? डोंगा असा नसते."

माझा सगळा विरह तिथंच बुडाला.

आरमोरीत भाभींनी चहा ठेवला, चित्र पाहिलं आणि होडीवर नख टेकवलं. "हे चप्पल हाय त्याची. मले पाहाले आला तवा ऐटीत नदीत उतरला. कापड हाय, नोको जाऊ म्हटलं, तरी गेला. माह्या भावानं केस धरून काढला. चप्पल गेली वाहून."

"काही निरोप?"

"चहा पी तू."

हसल्या नाहीत. पण चित्र उलटं करूनही ठेवलं नाही.

परतल्यावर युसूफभाईंनी एवढंच विचारलं, "पाह्यलं तिनं?" दुसऱ्या दिवशी ते विकलेली मशीन परत विकत घेऊन आले. तेव्हापासून ती दुकानात चादरीखाली आहे. मी मात्र आता नदीचं कुठलंही चित्र दिसलं की आधी कापड शोधतो, प्रेम नंतर.

आत्ता हे टाइप करतोय तर खाली रिक्षा थांबली. युसूफभाईंची हातोडी बंद पडली. खिडकीतून वाकलो तर नफीसाभाभी, काखेत चित्र. वर बघून ओरडल्या,

"काऊन भाऊ, एक सरळ खिळा हाय का? याच्या दुकानात सगळे वाकडे!"