पितरात तयार झालेली गाडी

"ह्या डब्यात जीव कायले टाकून राह्यला बे?" हे मला ज्यानं विचारलं नाही असा माणूस चिखलीत शोधावा लागेल. माझं रंगाचं दुकान आहे, बाजाराच्या रस्त्यावर. डिस्टेंपर न्यायला आलेला गिऱ्हाईकही डबा उचलायच्या आधी गाडीची चौकशी करायचा, आणि चौकशी झाली की सल्ला द्यायचा. सल्ला एकच असायचा. एवढ्या खटपटीत नवी गाडी आली असती अन् तिच्यात पाच माणसं बसली असती! माझ्या गाडीत दोनच बसतात. दरवाजे दोन, सीटा दोन, मागं एक बॅग मावली तरी नशीब. असल्या गाडीचं आपल्या जिल्ह्यात करायचं काय, हे मला आजही धड सांगता येत नाही, म्हणूनच कोणी विचारलं की माझं डोकं फिरायचं.

गाडी खामगावच्या एका कापूस-जिनिंगवाल्याच्या घरातली. कंपनीनं हा पिवळा रंग आणि बॉनेटवर दोन काळे पट्टे देऊन अशा मोजक्याच गाड्या काढल्या होत्या. गिअरजवळ एक छोटी पट्टी आहे, तिच्यावर ही कितवी ते कोरलंय. मालकाच्या मुलानं हौसेनं आणली, काही वर्षं खामगावच्या रस्त्यांवरून उडवली आणि तो परदेशी गेला. पुढं जिन बंद पडलं. तिथल्या शेडच्या पत्र्यांचा रंग पोचवायला मी गेलो, तेव्हा ती ताडपत्रीखाली होती आणि भंगारवाला दारात उभा होता. सीटा उंदरांनी फाडून त्यात रुई अन् सरकी भरलेली, चाकं जमिनीला टेकलेली, पिवळा रंग उडून कढीसारखा झालेला. का कोण जाणे, मी मधे पडलो आणि भंगारवाल्याला म्हणालो, "भाऊ, तू जाय."

का कोण जाणे असं मी म्हणतो, पण ते खोटं आहे. मला चांगलं माहीत आहे.

त्याच्या थोडं आधी अकोल्याच्या डॉक्टरांनी मला काचबिंदू सांगितला होता. डावा डोळा जास्त, उजवा त्याच्या मागोमाग. "नजर कडेकडून जाते," ते म्हणाले, "मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली परत येत नाही. थेंब चुकवू नका. गाडी सध्या दिवसा चालवा, जपून. पुढच्या तपासणीला बघू." हे "बघू" माझ्या पोटात जाऊन बसलं. मी साऱ्या जन्मात स्कूटर आणि दुकानाचा टेम्पो एवढंच चालवलेलं. चांगली गाडी एकदाही हातात धरली नाही. आणि आता कोणीतरी माझ्या हातातून स्टिअरिंग काढून घेणार, तेही मी पुरतं धरायच्या आधीच. त्या शेडमध्ये मला गाडी दिसली नाही, एक मुदत दिसली.

बायकोनं हे सगळं आठवड्याभरात ओळखलं. थेंब टाकताना तिनं माझं डोकं मागं धरलं आणि म्हणाली, "गाडी आधी होते का डोळे आधी जातात, अशी शर्यत लावली का तुम्ही?"

"तोंड सांभाळून बोल," मी म्हणालो.

"मी सांभाळूनच बोलून राह्यली. हलू नका, थेंब गालावर गेला."

काम खामगावच्या एका मिस्त्रीकडे दिलं. माझ्याच वयाचा, दाढी पिकलेला, वडिलांच्या काळापासून गॅरेज. दर रविवारी मी एसटीनं जायचो आणि आम्ही भांडायचो. तो म्हणायचा, "भाऊ, पूरी बॉडी खरवडतो, पुट्टी भरतो, अशी चकाचक करतो का नवी नवरी वाटली पायजे." मी म्हणायचो, जेवढं मूळचं आहे तेवढं राहू दे, काळ्या पट्ट्यांना तर हातच लावायचा नाही. दाराच्या आतल्या बाजूला ऊन न लागलेला मूळ पिवळा शिल्लक होता. तो नमुना धरून मी दुकानात रंग मिसळला, पुन्हा पुन्हा मिसळला. जुन्या गाड्यांचा पुण्याचा एक शौकीन फोनवर म्हणाला, सगळं नवं केलं तर हिची किंमत संपली. इकडचे लोक म्हणाले, नवं नाही केलं तर हिच्याकडं पाहील कोण? आणि मी दोघांच्या मधे उभा राहून मनात म्हणायचो, अरे बाबांनो, मला विकायची नाही, दाखवायची नाही. मला ती एकदा खामगावहून चिखलीला स्वतः चालवत आणायची आहे. बस.

पण गाडीचं काम मुंगीच्या पावलानं. दाराचं रबर मिळालं तर काच मिळेना, काच मिळाली तर ब्रेकचा एक भाग अडला. पार्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला. सकाळी दुकान उघडलं की मी गल्ल्यावर बसून समोरच्या भिंतीवरच्या शेडकार्डाकडे बघायचो. मधल्या लाल रंगावर नजर रोखायची आणि मान न हलवता डावीकडच्या टोकाला कोणता रंग आहे ते स्वतःला विचारायचं. आधी सांगता यायचं. मग तिथं काहीतरी आहे एवढंच वाटायला लागलं, कोणता रंग ते सांगता येईना. मी कार्ड सरकवून मधे आणायचो, पुन्हा खात्री करायचो, आणि पुन्हा तेच. गिऱ्हाईक म्हणायचे, शेठ एवढं काय पाहून राह्यले? मी त्यांच्यावर खेकसायचो. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप दोनदा पाडला आणि दोन्ही वेळा चहावाल्याला दोष दिला.

आणि एका सकाळी मिस्त्रीचा फोन आला. गाडी तयार.

मी शर्ट घालायला उठलो. बायको दारात. "आज? पितर बसले कालपासून."

"मग?"

"मग काय? पितरात कोणी वाहन घरी आणते का? विचारा कोणालेही."

मी मिस्त्रीला फोन केला, म्हटलं हा मुसलमान माणूस, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तर तो म्हणाला, "मी सांगणारच होतो भाऊ. पितर चालू आहे. माह्या गॅरेजमधून आजवर कोणी पितरात गाडी नेली नाही. उद्या काही झालं तर लोक मले म्हणतील." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बायकोवर ओरडलो, पंचांगावर ओरडलो, मेलेल्या सगळ्या पूर्वजांची नावं घेऊन ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग. दसऱ्याले आणू. साडेतीन मुहूर्तांतला एक आहे. एवढी कळ काढली, अजून काढा."

आणि मग मी जे केलं ते ऐका. डॉक्टरांची तपासणी त्याच पंधरवड्यात होती. तिथं ते मशीनमध्ये डोकं घालायला लावतात, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला माहीत होतं, आता मी बरीच बटणं दाबणार नाही. आणि मग ते "बघू" संपेल. मी बायकोला म्हणालो, "पितरात गाडी नको ना? मग पितरात दवाखानाही नको. दसऱ्यानंतर जाऊ." मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, "हाव, तेही खरंच." मी जिंकलो होतो. जिंकल्याचं इतकं भय मला कधी वाटलं नव्हतं.

ते दिवस मी कसे काढले सांगू नये. पितर सरले, घट बसले. नवरात्रात ती रोज देवीसमोर माझ्या डोळ्यांसाठी हात जोडायची आणि मी शेजारी उभा राहून फक्त दसरा मागायचो. दाराची चौकट खांद्याला लागायला लागली होती. मी स्कूटर बंद केली, गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

दसऱ्याला सकाळी आम्ही एसटीनं खामगावला गेलो. गाडी गॅरेजच्या अंगणात उभी होती. पिवळा रंग उन्हात तापलेला. जुने पट्टे जिथं फिकट होते तिथं फिकटच. बायकोनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. मिस्त्रीनं नारळ तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "भाभी, हळू फोडा, पत्र्याले लागू देऊ नका." मग तो म्हणाला, पहिल्या फेरीला मी मोटरसायकलवर मागं राहतो, नेहमीचंच आहे.

गाव सुटलं तसा मी वेग घेतला. काय सांगू! गाडी जमिनीला लागून पळते, रस्ता मांडीखालून जातो. बायको डावीकडं दाराची कडी धरून बसली होती आणि हसत होती, खरंच हसत होती. "बाप्पा बाप्पा," म्हणत होती, "तुम्ही तर पोरगंच झाले." समोरचा रस्ता मला स्वच्छ दिसत होता. मला वाटलं, डॉक्टर चुकले. मला वाटलं, सगळे चुकले.

"थांबा! अहो थांबा!"

तिनं माझा हात इतका जोरात ओढला की गाडी वाकडी होऊन थांबली. चाकाखाली काहीतरी चुरचुर वाजत होतं. मी मान वळवली तेव्हा दिसलं. रस्त्याच्या डाव्या अंगाला लांबपर्यंत सोयाबीन वाळत घातलेलं, कडेनं दगड मांडलेले, आणि आम्ही त्यात घुसलेलो. गाडीच्या डाव्या दिव्यापासून हातभर अंतरावर एक बाई उभी होती. लाल लुगडं, हातात सूप. ती हलतच नव्हती.

मग तिला वाचा फुटली. "दगड मांडले, मी उभी, एवढं लाल लुगडं नेसून उभी. दिसली नाही का तुले?"

मी बाहेर आलो. काहीही सांगता आलं असतं. ब्रेक नवे आहेत, ऊन डोळ्यावर आलं, रस्त्यावर धान्य कशाला घालता. जिभेवर सगळं तयार होतं.

"नाही बाई," मी म्हणालो. "नाही दिसली."

"म्हंजे?"

"ह्या बाजूचं मले दिसत नाही."

हे मी बायकोच्या देखत पहिल्यांदाच बोललो. ती गाडीतून उतरली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली. मी जवळ गेलो तेव्हा तिनं विचारलं, "केव्हापासून?"

"पितराच्या आधीपासून."

"अन् तुम्ही म्हणाले दवाखाना नको, अन् मी हाव म्हटलं." ती रडायला लागली. "माह्याच तोंडानं म्हटलं. गाडी थांबवली अन् दवाखानाही थांबवला."

मी तिला म्हणालो, "तू नाही, मी थांबवला." ती ऐकत नव्हती. त्या बाईचं काय झालं असतं हे मनात येत होतं आणि पुढं विचार जात नव्हता.

मिस्त्री मागून पोचला. त्यानं गाडी मागं घेतली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सोयाबीन पुन्हा गोळा करून पसरलं. मग प्रश्न आला, घरी जायचं कसं. आता मिस्त्रीच चालवणार हे ठरल्यासारखंच होतं. त्याची मोटरसायकल बाईच्या शेतात ठेवायची, तो एसटीनं येऊन नेईल. पण जागा दोनच. बायको म्हणाली, "तुम्ही बसा. तुमची गाडी आहे."

"तू बस," मी म्हणालो. "घरी पोचल्यावर ओवाळायचं कोणी? मी काळीपिवळी जीपनं येतो मागून. उद्या पहिल्या एसटीनं अकोला, दोघंही." तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि बसली. दरवाजा मीच लावला.

गाडी निघाली. मी तिला कधी बाहेरून चालताना पाहिलंच नव्हतं. हार वाऱ्यानं एका बाजूला गेला होता, पिवळा रंग झगझगीत. पुढं रस्ता लांबपर्यंत सरळ होता आणि ती अगदी मधोमध जात होती. लहान होत गेली तरी माझ्या नजरेतून निसटली नाही. एवढी एक गोष्ट मी पुरती बघितली. ह्यासाठी केलं होतं का हे सगळं, मला ठाऊक नाही. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

सोयाबीनवाली बाई शेजारीच असावी. तिचा आवाज आला. "दिसून राह्यली का गाडी?"

"हाव. दिसते."

"अन् मी?"

"तुम्ही नाही."

सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि ती माझ्या मागून फिरून उजव्या हाताला येऊन उभी राहिली.