मापाची तलवार

रूथमावशी साळवे माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी हाताकडे. खांद्यापासून मनगटापर्यंत एक नजर फिरायची आणि मग कुठे "कशा हाय बाई?" यायचं. तिसगावात त्यांनी चाळीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवले होते. नवरा गेल्यावर त्या लेकीकडे नगरला सावेडीत आल्या आणि बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचं मशीन खडखडू लागलं. पहिल्याच भेटीत, लिफ्टपाशी, त्या मला म्हणाल्या, "बाई, तुमचा डावा हात उजव्यापरीस अर्धं बोट लांब हाय. शिवनाऱ्यानं कदी सांगितलं न्हाई व्हय?" साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन मी टेपने मोजलं. बरोबर होतं, आणि तेव्हापासूनच ही बाई मला आवडेनाशी झाली.

जवळच्या बागेत आमचा ताई-चीचा वर्ग भरतो. हा चिनी व्यायाम, पाण्यात चालल्यासारखा सावकाश करायचा. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. मी त्यांची पहिली विद्यार्थिनी. हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलेलं, त्यामुळे प्रत्येक हालचालीची आकृती कोनांसकट वहीत काढून ठेवलेली. नवीन कुणी आलं की साहेब म्हणायचे, "बाईंच्याकडे बघा." खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठी मी पहाटे उठत होते. रूथमावशी आल्या आणि चार महिन्यांत ते वाक्य "मावशींच्याकडे बघा" असं झालं. वही नाही, आकृती नाही, पायात लेकीचे जुने बूट, आणि हात असा फिरायचा की बागेत चालायला आलेली माणसं थांबून बघायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग तलवारीचा अभ्यास सुरू झाला. ताई-चीची तलवार सरळ असते, पात्याला दोन्ही बाजूंना धार, मुठीला गोंडा. सरावाच्या तलवारीला धार नसते. साहेबांनी पुण्याहून सात-आठ तलवारी मागवल्या आणि बाकावर मांडून म्हणाले, "ज्याची त्याने निवडा." मी क्षणात उचलली. आरशासारखी चकचकीत, लाल गोंड्याची, हलवली की पातं असं थरथरायचं की झण्णकन आवाज येई. मला वाटलं, वा!

रूथमावशींनी घाई केली नाही. एकेक तलवार डाव्या हातात उलटी धरून पातं दंडामागे उभं केलं आणि टोक कानाच्या पाळीला लागतंय का ते पाहिलं. वर गेली ती बाजूला, खाली राहिली ती बाजूला. उरलेल्यांतली एकेक दोन बोटांवर आडवी तोलली. मग मूठ कानापाशी नेऊन हलवली. "आत खुळखुळतंय. ही सैल हाय," म्हणत तीही ठेवली. शेवटी हातात राहिली ती सगळ्यांत कळकट दिसणारी. माझ्या तलवारीकडे बघून म्हणाल्या, "बाई, ही नुसती आवाज करती. हिचं पातं लई पातळ हाय, जोर टोकापर्यंत जायचा न्हाई."

साहेब म्हणाले, "मावशी, अशी निवड मी आजवर कुणाची पाहिली नाही." महिनाभरात माझ्या तलवारीची मूठ निखळली. मावशींनीच ती घट्ट करून दिली आणि त्याचाही मला राग आला.

तलवारीची निगा त्या कात्रीसारखी राखायच्या. सराव संपला की बोटांचा घाम लागलेलं पातं कोरड्या फडक्याने पुसायचं, मग शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट मुठीपासून टोकाकडे, एकाच दिशेने. "घाम लई वाईट. गिऱ्हाइकाच्या नव्या कापडावर पडला तर डाग जात न्हाई, तर लोखंडाचं काय सांगता?" दर शनिवारी सगळा वर्ग आपापल्या तलवारी त्यांच्यापुढे धरायचा. एखादीने ती चामड्याच्या म्यानात ठेवलेली दिसली की त्या रागावायच्या, "कोंडून ठेवू नगा गं तिला. चामडं वल धरतं." मी माझी तलवार कधी दाखवली नाही. घरी मात्र चोरून तेच तेल आणून ठेवलं होतं.

गेल्या भाद्रपदात साहेब मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुण्याला निघाले. तिकडेच राहायचं चाललं होतं. आपली जुनी तलवार आणि वर्ग कुणाच्या तरी स्वाधीन करायचा म्हणत होते, आणि ती कुणाची असणार याची मी मनात रोज उजळणी करत होते. जायच्या दिवशी त्यांनी ती तलवार माझ्या हातात दिली. "बाई, परत येईपर्यंत तुमच्याकडे असू द्या. दर आठवड्याला काढून पुसत चला. पुढचं आल्यावर सांगतो." मी रूथमावशींकडे बघितलं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

खंडेनवमीला मी त्या तलवारीची अशी पूजा केली की आमच्या घरात तशी गाडीचीही कधी झाली नाही. पाट, रांगोळी, पाण्याचं प्रोक्षण, पात्यावर ओलं हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ. फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तो कुणी बघावा हे सांगायला नको. आणि मग ते हळदकुंकू तसंच ठेवून तलवार म्यानात घातली. पुसून टाकणं मला अशुभ वाटलं. पूजेची वस्तू हलवू नये म्हणून पुढचे पंधरा दिवस कपाटच उघडलं नाही.

साहेबांचा फोन आला, "उद्या येतोय." मी तलवार काढायला गेले तर ती म्यानातून हलेना. घामाघूम झाले. नगरात हे काम जाणणारं एकच माणूस होतं आणि ते माझ्या डोक्यावर राहत होतं. मी जिना चढले.

रूथमावशींनी मशीन थांबवलं. म्यानाच्या तोंडात तेल सोडलं, तलवार आडवी ठेवली, तासाभराने हलकेच ठोकत ठोकत बाहेर काढली. पात्यावर तांबूस पोपडे होते. "पुजा केली ते चांगलंच केलं," त्या म्हणाल्या, "पर पुसायची हुती." दुपारभर त्या झिजलेल्या पॉलिश पेपरने, तेलाने घासत बसल्या. सगळं गेलं, मुठीजवळ बोटभर काळपट डाग राहिला. निघताना मी विचारलं, "साहेबांना सांगाल का?" त्या म्हणाल्या, "तुमची गोष्ट तुमी सांगायची. मी मदी पडनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी बागेत साहेबांनी तलवार उपसली आणि डागावर बोट फिरवलं. "हे काय?"

"मध्ये रूथमावशींकडे तेल लावायला दिली होती, साहेब," मी म्हणाले. वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता.

सगळ्यांनी मावशींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घालून बुटाची नाडी बांधली. साहेबांनी पातं म्यानात सरकवलं. मग "असो" म्हणून त्यांनी तलवार मला दिली आणि वर्गही.

त्यानंतरच्या शनिवारी मावशींपुढे कुणी तलवार धरली नाही. त्या फडकं घेऊन बाकावर बसून राहिल्या. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची घरी जाऊन लाज वाटली. उन्हाळ्यात लेकीची बदली झाली आणि त्या तिसगावला परतल्या. जाताना मला भेटल्या नाहीत.

दोन महिने कसेबसे काढले. मग तलवार चादरीत गुंडाळली आणि एस.टी.ने तिसगावला गेले. त्या दारातच मशीनवर बसल्या होत्या. मी तलवार पुढे ठेवली. "ही तुमची. त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर साहेबांनी ती तुमाला दिली असती व्हय?" सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. "पुन्याला जायच्या आदीच त्यांनी मला इचारलं हुतं, कुनाला देऊ म्हून. म्या म्हनलं, बाईंना द्या. लांब तलवार हाय, तेवढा लांब हात वर्गात दुसऱ्या कुनाचा न्हाई. माज्या तर डोक्याच्या वर जाती ती."

"म्हणजे माझ्यासाठी तुम्ही…"

"तुमच्यासाठी न्हाई वो. तुमी खोटं बोललात, मला लई राग आला हुता. अजून हाय. पर राग आला म्हून एकीच्या मापाचं दुसरीच्या अंगात कोंबायचं का?"

मी विचारलं, "साहेबांना सांगू?"

"ते तुमचं तुमी बगा. सरका जरा, उजेड आडतोय."

मी सरकले. त्यांचं मशीन पुन्हा सुरू झालं.

मी इतकी वर्षं पेपर तपासले, पण नावडत्या मुलाला त्याच्या हक्काचा एक गुण देताना माझा हात दर वेळी अडखळला. या बाईचा अडखळला नव्हता. परतीच्या एस.टी.त तलवार मांडीवर घेऊन बसले होते आणि मला रूथमावशींचा इतका हेवा वाटत होता, की नगर येईपर्यंत रडू आवरेना. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरले आणि रिक्षा करायच्या आधी साहेबांना फोन लावला.