गौरीच्या डोळ्यांतलं पाणी

त्या दिवसांत मी दत्ताच्या तसबिरीसमोर उभा राहत असे, पण हात जोडत नसे. आमची ही गेल्यापासून देवाशी माझा अबोला होता. स्वभावच तसा, भांडण एकदा धरलं की सोडायचं नाही. परळला चाळीमागच्या पडवीत हिने पाळलेली गाय होती, गौरी. माझ्या पावलांच्या आवाजाला मान वळवणारं जगात तेवढंच उरलं होतं.

त्यात गौरीच्या जबड्यावर गाठ आली. हाडातच रुजलेली, दाबली तरी हलेना. मी आपला हळदीचा लेप लावत बसलो. गाठ फुटून पू वाहू लागला, चारा चावेना, तेव्हा तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हाडात जंतू शिरलेत. गाठ जाणार नाही. पण वाढ थांबली, तर गाय जगेल." आयोडीनचं औषध रोज पाण्यातून पाजायला दिलं. "लक्षण दिसलं की थांबा आणि मला कळवा," असंही म्हणाले. कसलं लक्षण, ते मी विचारलं नाही. विचारणं मला कमीपणाचं वाटे.

आठवड्याभरात गौरीच्या डोळ्यांना धारा लागल्या. नाक गळू लागलं, अंगावरून कोंडा झडू लागला. माझा धीर सुटला. बांबूच्या नळीने औषध पाजून मी तिचा छळ मांडलाय आणि ती रडतेय, असंच वाटलं. औषध बंद केलं. तिला पांजरपोळात, म्हाताऱ्या-आजारी गुरांच्या आसऱ्याला, सोडायचं ठरवून गाडीवाल्याला सांगून आलो. तसबिरीकडे पाहून म्हणालो, "हिलाही घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. नाक्यावरून घोषणा ऐकू येत होत्या. गाडीवाला आलाच नाही. दुपारी एक अनोळखी माणूस पडवीशी पाणी मागायला थांबला. मोठा रस्ता बंद, म्हणून तो आमच्या बोळातून निघाला होता. मी हिचा पितळी पेला भरून दिला. पाणी पिता पिता त्याची नजर गौरीवर गेली.

"आयोडीन चालू आहे काय, काका?"

"होतं. कालच बंद केलं. बघा ना, कशी रडतेय."

"रडत नाय ओ ती. औषध भिनलं की पाणी येतंच. मी जनावरांच्या दवाखान्यातच कामाला आहे. थांबलात ते बरं केलंत. आता डॉक्टरना दाखवा, ते सांगतील तेव्हा परत सुरू करा."

"दत्तानेच पाठवलं तुम्हाला," मी म्हणालो.

तो पेला विसळत हसला. "आम्ही आता बुद्धाला मानतो, काका. मला तर पोलिसांनी इकडून पाठवलं."

कित्येक महिन्यांनी मीही हसलो. तो गेला. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. मी गौरीच्या गळ्याला हात घालून बसलो. ही गेली तेव्हाही माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. त्या दुपारी पडवीत खरं रडणारा मी एकटाच होतो.

डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सांगितलं तेव्हा औषध पुन्हा सुरू झालं. गाठ तेवढीच राहिली, पण वाढली नाही. गौरी चारा चावू लागली. गाठ जात नाही, तरी जगता येतं, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. आता मी तसबिरीपुढे हात जोडतो. मागत काही नाही, पण अबोला मीच सोडला.